दर पावसाळ्यात स्क्रॅपबुकची पाने फुगतात, फोटो चिकटतात: कारणे आणि कायमचे उपाय

दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातले स्क्रॅपबुक बाहेर काढले की अनेक घरांत तोच प्रकार आढळतो. मे महिन्यात नीट मिटणाऱ्या वहीचे पुठ्ठे आता मिटत नाहीत, पानांना लाटा आलेल्या असतात, फोटोंच्या कडा सुटून वर आलेल्या असतात आणि वर्तमानपत्राचे कात्रण पिवळे पडून समोरच्या कोऱ्या पानावरही त्याच आकाराचा डाग उमटलेला असतो. मग सुटलेल्या कडांना पुन्हा गोंद लागतो, वहीवर जाडजूड पुस्तके ठेवली जातात, पान थोडेफार बसते आणि पुढच्या आषाढ-श्रावणात सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. मुंबई, कोकण आणि गोवा या पट्ट्यात पावसाळ्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस सलग 80 टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे तिथे हा त्रास सर्वांत जास्त होतो; पण पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील घरांनाही तो चुकत नाही.

या दोषाचे खापर आपण हवेवर फोडतो. माझ्या मते हवा हे निमित्त आहे. मूळ दोष ओल्या गोंदात आहे आणि पुन्हा गोंद लावल्याने तो वाढतच जातो. म्हणून पुढील सर्व उपाय एकाच नियमावर उभे आहेत. मूळ फोटो, मूळ पत्र किंवा मूळ तिकीट यांना गोंद लावू नये. मूळ वस्तू पानावर हवीच असेल तर ती केव्हाही सुटी काढता येईल अशी बसवावी आणि चिकटवायचेच असेल तर तिची प्रत चिकटवावी. प्रत चांगली निघण्यासाठी संगणकाची किंवा मोबाइलची मदत घ्यावी लागते, म्हणून कागदी आणि डिजिटल ही दोन्ही कामे येथे एकत्र घेतली आहेत.

पानाला लाटा का येतात

कागद हा तंतूंचा थर असतो. हवेतला ओलावा शोषल्यावर हे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने, म्हणजे कागद यंत्रातून ज्या दिशेने पुढे सरकतो त्या दिशेने, पडलेले असतात. त्यामुळे ओलावा लागला की असा कागद त्या दिशेच्या आडव्या बाजूला जास्त पसरतो. छपाई आणि बाइंडिंगच्या व्यवसायात या दिशेला ग्रेन म्हणतात. याउलट, 1970 च्या दशकापासून प्रचारात आलेल्या रंगीत फोटोंच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि असा फोटो ओलाव्याने फारसा पसरत वा आकसत नाही. त्याला मागून पूर्ण गोंद लावून तो कार्डशीटवर बसवला की हलणारी एक वस्तू आणि न हलणारी दुसरी वस्तू एकमेकींना बांधली जातात. पावसाळ्यात कागद पसरतो, फोटो पसरत नाही आणि वाढलेला कागद लाटेच्या रूपाने वर येतो. हिवाळ्यात तोच कागद आकसतो आणि फोटोच्या कडा ओढल्या जातात. काही वर्षे ही ओढाताण चालली की गोंदाची पकड कडेपासून आत सुटत जाते.

गोंदातले पाणी यात भर घालते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, बाटलीतला डिंक, घरी शिजवलेली खळ या सर्वांत पाणी असते, त्यामुळे लावताक्षणी कागद फुगतो, त्याच फुगलेल्या अवस्थेत त्यावर फोटो बसतो आणि वाळताना पान वाकते. खळीच्या पिठावर कसर आणि झुरळे येतात, हे जुनी पुस्तके सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

नवे पान करताना आधी ग्रेन पाहावा. कार्डशीटचा ताव टेबलावर ठेवून, घडी न पाडता, एकदा लांबीच्या आणि एकदा रुंदीच्या दिशेने हलकेच वाकवून तळहाताने दाबावा. ज्या दिशेला तो कमी विरोध करतो, त्या वाकलेल्या रेषेला समांतर त्याचा ग्रेन असतो. पान असे कापावे की ग्रेन वहीच्या बांधणीला समांतर येईल. बांधणीला आडवा ग्रेन आलेले पान ओलाव्याने उभ्या दिशेला वाढते, परंतु बांधणीपाशी ते पकडलेले असल्याने तिथून लाटा सुटतात आणि अशा पानावर कितीही वजन ठेवले तरी उपयोग होत नाही. हाताने गाळलेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पडत असल्याने ही अडचण बरीच कमी होते. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळणारा सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद म्हणूनच मला या कामासाठी आवडतो, मात्र त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर बारीक अक्षर नीट उठत नाही. यंत्राचा कागद घ्यायचा तर 200 ते 250 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) आणि आम्लविरहित, म्हणजे ज्यात कागद पिवळा पाडणारे आम्ल नाही असा, घ्यावा.

जुन्या अल्बमांपासून शिकण्यासारखे

आमच्या घरातील 1970 च्या दशकातल्या एका लग्नाच्या अल्बमची पाने काळ्या जाड कागदाची आहेत, प्रत्येक दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला पातळ कागद आहे आणि प्रत्येक कृष्णधवल फोटो चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला आहे. काही कोपरे गळून पडले आहेत, पण एकही फोटो पानाला चिकटलेला नाही. बोटाने किंचित वाकवला की फोटो बाहेर येतो आणि त्याच्या मागे पेन्सिलने लिहिलेली नावे आजही वाचता येतात. त्याच कपाटात नंतरच्या काळातला, चिकट पाने आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा असलेला अल्बम आहे. त्याच्या पानांवरील डिंकाच्या समांतर रेघा तपकिरी झाल्या आहेत, पापुद्रा उचलताना चरचर आवाज होतो आणि फोटो जागचे हलत नाहीत. पहिला अल्बम काही अधिक काळजीने ठेवलेला नव्हता. फरक एवढाच की त्यात फोटोला गोंद लागला नव्हता.

असे कोपरे बाजारात तयार मिळतात. घरीही करता येतात. आम्लविरहित पातळ कागदाची 4 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी. वरच्या लांब कडेचा मध्य धरून दोन्ही बाजूंचे कोपरे खालच्या कडेच्या मध्यापाशी येतील असे मागे दुमडले की काटकोनी त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या खालच्या उघड्या बाजूतून फोटोचा कोपरा आत सरकतो. गोंद फक्त दुमडलेल्या मागच्या बाजूला, तोही अगदी पातळ लावावा. फोटो आणि कोपरा यांच्यात सुमारे 1 मिलिमीटर जागा सैल ठेवावी. पावसाळ्यात पान पसरते तेव्हा हीच सैल जागा कामाला येते. कोपरे अगदी घट्ट बसवले तर पानाला पुन्हा लाटा येतात आणि लोक कोपऱ्यांनाच नावे ठेवतात.

प्रत चिकटवतानाही पूर्ण मागची बाजू माखण्याची गरज नसते. आम्लविरहित डबल टेपचे छोटे तुकडे फक्त वरच्या कडेला लावले तर प्रत सुटत नाही आणि खालून मोकळी राहते. साधी सेलोटेप मात्र कोणत्याही कारणाने वापरू नये; काही वर्षांत तिचा चिकट थर पिवळा होऊन कागदात उतरतो, वरची पट्टी गळून पडते आणि मागे राहिलेला तपकिरी डाग घरगुती उपायांनी निघत नाही.

आधीच फुगलेले स्क्रॅपबुक

पानांना लाटा नाहीत आणि तरीही वही मिटत नसेल, तर कारण वेगळे आहे. फोटो, रिबन, बटणे यांमुळे पानांची पुढची बाजू जाड झालेली असते आणि बांधणीची बाजू पातळच राहते. अशा वेळी प्रत्येक पानाच्या बांधणीकडील कडेला पुठ्ठ्याची अरुंद पट्टी लावून दोन्ही बाजूंची जाडी सारखी करावी किंवा पाने स्क्रूच्या बांधणीच्या अल्बममध्ये हलवावीत.

खऱ्या लाटा असतील तर वही उन्हात ठेवू नये आणि तिच्यावर केस वाळवण्याचा ड्रायरही धरू नये. एका बाजूने झटपट वाळलेला कागद अधिकच वळतो आणि फोटोंचे रंग उन्हाने उडतात. कोरड्या खोलीत वही उभी करून पाने थोडी विलग ठेवावीत आणि पंखा तिच्यावर थेट न सोडता खोलीत फिरता ठेवावा. पाने हाताला कोरडी लागेपर्यंत, मग त्याला दोन दिवस लागोत की आठवडा, घाई करू नये. त्यानंतर पानांमध्ये कोरा टिपकागद घालून, वर सपाट फळी ठेवून, त्यावर वजन द्यावे आणि टिपकागद रोज बदलावा. ओलसर वहीवर थेट वजन ठेवणे हे फोटो एकमेकांना चिकटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. हे काम पावसाळ्यात करू नये, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्याची वाट पाहावी.

पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली तर ती ओली असताना पुसू नये, कारण ती पृष्ठभागावर पसरते. पान पूर्ण कोरडे झाल्यावर, तोंडाला मास्क लावून, गच्चीत किंवा गॅलरीत मऊ ब्रशने ती झटकावी. फोटोवर व्हिनेगर, जंतुनाशक द्रव किंवा ओले फडके यांपैकी काहीही वापरू नये.

चिकटलेला फोटो

स्टुडिओत धुतलेल्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. हवेत ओलावा फार वाढला की जिलेटिन मऊ होते, समोरच्या गुळगुळीत पृष्ठभागाला बिलगते आणि हवा कोरडी झाली की तिथेच घट्ट बसते. म्हणून फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. ओढल्यास प्रतिमेचा थर काचेलाच राहतो आणि फोटो सोलवटतो. काच स्वच्छ पुसून काचेतूनच तो स्कॅन करावा आणि मूळ फोटो काचेसह जपून ठेवावा. त्या फोटोची दुसरी प्रत नसेल, तर पुढचे काम तज्ज्ञांचे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारणा करावी.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढण्यासाठी दात साफ करण्याचा मेणविरहित फ्लॉस उपयोगी पडतो. आधी प्रत्येक पान आहे तसे स्कॅन करून घ्यावे. मग फ्लॉसचा हातभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धरावा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवावा आणि करवतीसारखा मागे-पुढे करत पानालगत पुढे न्यावा. फोटो वाकवायचा नाही, धागाच पुढे जायला हवा. तो अडला तर त्या बाजूने जोर न करता दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि तरीही जमले नाही तर फोटोभोवतीचे पान कापून, पानाच्या तुकड्यासह फोटो नव्या वहीत घ्यावा. ते दिसायला थोडे जाड दिसते, पण फोटो वाचतो.

नव्या वहीसाठी पारदर्शक खिसे घेताना पीव्हीसी या प्लास्टिकचे घेऊ नयेत. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये कालांतराने बाहेर येतात, फोटोला चिकटपणा आणतात आणि छापील अक्षरेही उचलतात. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारा खिसा दुकानातच परत करावा. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि पॉलिस्टर ही तीन प्लास्टिके फोटोसाठी सुरक्षित मानली जातात. फोटोच्या साठवणुकीचे साहित्य तपासण्यासाठी आयएसओ 18916 या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख असल्यास ते साहित्य निश्चिंत मनाने घ्यावे. गरम लॅमिनेशन मात्र मूळ फोटोला कधीही करू नये, कारण ते परत निघत नाही.

पिवळी पडणारी कात्रणे आणि पुसट होणारी तिकिटे

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते. प्रकाश आणि हवा यांमुळे ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि ते शेजारच्या पानातही उतरते. दहावीच्या निकालाची बातमी किंवा आजोबांच्या सत्काराचे वृत्त स्क्रॅपबुकात हवे असेल, तर त्याची लेझर प्रिंट आम्लविरहित कागदावर काढून ती पानावर घ्यावी. लेझरची काळी छपाई टिकाऊ असते. मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावे. कागद आम्लयुक्त आहे का हे पीएच पेनाने कळते, पण हे पेन रंगीत कागदावर नीट वाचता येत नाही.

एसटीची जुनी, पंच केलेली तिकिटे पन्नास वर्षांनंतरही वाचता येतात. आता यंत्रातून निघणारी अनेक तिकिटे आणि दुकानांची बिले उष्णतेने काळ्या होणाऱ्या थर्मल कागदावर असतात आणि तो मजकूर काही वर्षांत, कधी काही महिन्यांतच, उडून जातो. त्यामुळे सहलीहून परतल्याबरोबर त्यांचे फोटो काढून ठेवणे हाच उपाय आहे.

प्रत काढताना येणारे दोष

छापलेली प्रत धूसर येते तेव्हा बहुतेकदा मूळ कारण व्हॉट्सॲप असते. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो. त्याची लांब बाजू सुमारे 1600 पिक्सेल उरते. चांगल्या छपाईला दर इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे तो फोटो जेमतेम सव्वापाच इंचांपर्यंत स्पष्ट छापला जातो. 12 इंची चौरस पान पूर्ण भरायचे तर 3600 पिक्सेल हवेत. म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे, तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी येते. लहान फाइल सॉफ्टवेअरमध्ये ताणून मोठी केल्याने आकडा वाढतो, तपशील वाढत नाही.

घरातील 4 बाय 6 इंचाचा फोटो 600 डीपीआयने (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात आणि तो दुप्पट आकारात निर्धास्त छापता येतो. 1970-80 च्या दशकांतील अनेक रंगीत फोटोंचा पृष्ठभाग बारीक जाळीदार असतो आणि स्कॅनरच्या प्रकाशात ती जाळी ठिपक्यांसारखी चमकते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा 180 अंशांत फिरवून स्कॅन करावा आणि दोन्ही प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींवर अर्ध्या पारदर्शक ठेवून जुळवाव्यात. चमक बरीच कमी होते. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, बाजूने येणाऱ्या मऊ प्रकाशात मोबाइल फोटोला समांतर धरून टिपावा.

छपाई काळपट येत असेल तर प्रिंटरला दोष देण्याआधी पडद्याची चमक निम्म्यावर आणून फोटो पुन्हा पाहावा. पूर्ण चमकेवर उजळ वाटणारी प्रतिमा कागदावर अंधारीच उमटते. फाइल एसआरजीबी (sRGB) या नेहमीच्या रंगपद्धतीत द्यावी आणि पूर्ण पुस्तक छापण्याआधी एक पान छापून पाहावे. पानाच्या कडेला 3 मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी आणि चेहरे वा अक्षरे कापण्याच्या कडेपासून निदान 1 सेंटिमीटर आत ठेवावीत.

मराठीत स्क्रॅपबुक करणाऱ्यांना आणखी एक दोष हमखास भेटतो: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, रफार भलत्याच जागी बसतो, जोडाक्षरे पाय मोडून पडतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकावा. युनिकोड असूनही अक्षरे मोडत असतील तर दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीचा असतो. फोटोशॉपमध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडला की वेलांट्या जागेवर येतात. गिम्प आणि इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरांत ही अडचण सहसा येत नाही. छापायला देण्याआधी ‘विठ्ठल’, ‘मूर्ती’, ‘तऱ्हा’, ‘शक्ती’ हे चार शब्द त्याच फाँटमध्ये टंकून पाहावेत, बहुतेक दोष तेथेच दिसतात. मग पान पीडीएफमध्ये फाँटसह किंवा उच्च दर्जाच्या प्रतिमेच्या रूपात द्यावे, जेणेकरून छापखान्यातल्या संगणकावर काही बदलणार नाही.

कुठे आणि कसे ठेवावे

स्क्रॅपबुक माळ्यावर, छताच्या स्लॅबखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. मे महिन्याच्या अखेरीस, पाने कोरडी असताना, ते घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह) बंद करावे. जुलैत आधीच ओलसर झालेली वही अशी बंद केली तर ओलावा आतच कोंडतो. निळ्याऐवजी नारिंगी सिलिका जेल घ्यावे, कारण निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक आहे. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये सुमारे 110 ते 120 अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येते. डांबर गोळ्या त्या डब्यात टाकू नयेत, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि फोटोवर बसते. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड घालायचे झाल्यास पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, पानांपासून दूर ठेवावे. एसी खोलीतली थंड वही एकदम दमट हवेत आणून उघडू नये, तिच्यावर दव धरते.

डिजिटल पानांच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे. गूगल फोटोजमधील जागा वाचवणारा पर्याय फोटो 16 मेगापिक्सेलपर्यंत लहान करतो; 12 इंची पानासाठी तेवढे पुरते, पण स्कॅनची मूळ फाइल डिस्कवर ठेवावी. पाने ज्या सॉफ्टवेअरमध्ये मांडली, केवळ त्याच्या फाइलवर विसंबू नये. गूगलचे पिकासा हे फोटोंचे सॉफ्टवेअर 2016 मध्ये बंद झाले, तसे इतरही बंद होऊ शकते. प्रत्येक पान पूर्ण झाले की त्याची पीडीएफ आणि जेपीईजी काढून ठेवावी आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहावा. दर वर्षी मे महिन्यात डबा बंद करताना डिस्क जोडून त्यातील काही फाइल उघडून पाहाव्यात आणि उघडत नसलेली फाइल त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून भरून घ्यावी.